भिंतीबाहेरचे फडताळ

शिरूरच्या आमच्या जुन्या घराच्या मातीच्या भिंती दीड-दोन हात रुंद होत्या. त्यांत फडताळे सहज मावत. नवे घर नऊ इंची विटांचे. आईची पितळी भांडी पोत्यात गेली. तेव्हा मी साइडबोर्ड करायला घेतला, म्हणजे भिंतीबाहेर आलेले फडताळच म्हणा ना!

लांबी चार फूट, उंची तीन, खोली सव्वा फूट. सांगाड्याला जुन्या घराचे सागवानी वासे वापरले. (घोडनदीकाठी बाभूळ मुबलक, पण ती औताला बरी, माझा रंधा तिच्यावर चालेना.) पायांना भोके पाडून त्यांत आडव्या पट्ट्यांची कुसवे बसवली. येथवर ठीक.

दारांच्या नव्या फळ्या मात्र मी घाईने चारी कडांना सरस लावून, खिळे ठोकून पक्क्या केल्या. पावसाळ्यात दारे फुगली. वैशाखात एक फळी मधोमध तडकली. दौंडचे मामा सुतारकाम करतात. फळीवर हात फिरवून म्हणाले, "हिला हलायला जागा ठेवलीस का रे?"

हवेतला दमटपणा शोषून लाकूड फुगते, कोरड्या हवेत आकसते. पण हे सारे रेषांच्या आडव्या अंगाने. लांबीत फरक नगण्य. म्हणून फळी चौकटीच्या खाचेत सरसाविना मोकळी सोडावी, दोन्ही बाजूंना सूतभर जागा ठेवून. मी दारे पुन्हा केली. वर जवसाच्या तेलाचे दोन हात दिले.

आईने चिंचेने घासून भांडी मांडली. मोठी घागर अर्ध्या इंचाने कप्प्यात मावेना. ती आता वरच बसते, आणि पाहुणे तिलाच सजावट समजतात.