आसनगावला उतरा, मग पॅडल मारा

मुंबई-ठाण्याच्या नव्या सायकलस्वाराच्या मनात पहिला लांबचा बेत येतो तो नाशिक महामार्गाचा. रस्ता रुंद, डांबर बरं, फाटे चुकायची भीती नाही. पण ठाणे सोडल्यापासून पडघ्यापर्यंत भिवंडीच्या गोदामांकडे ये-जा करणाऱ्या कंटेनरांची रांग लागलेली असते. त्या रांगेच्या कडेने धूर खात, आरशात बघत चालवलेल्या तीस-चाळीस किलोमीटरांतून ना व्यायाम होतो, ना भटकंती. मन घाबरतं आणि सायकल पुढचे चार महिने गॅलरीत पडून राहते. म्हणून माझा आग्रह असा, की हा सगळा टप्पा लोकलने पार करा. सायकल लगेजच्या डब्यात चढवा, सीएसएमटीपासून सुमारे ८५ किलोमीटरवरच्या आसनगावला उतरा आणि खरी सुरुवात तिथून करा.

सायकलला लगेजचं तिकीट लागतं. ते निघतानाच खिडकीवर मागून घ्यावं. पहाटे कसाऱ्याकडे जाणाऱ्या गाड्यांना उलट दिशेच्या मानाने गर्दी कमी असते, तरी लगेजच्या डब्यात टोपल्या, पोती, दुधाचे रिकामे कॅन असतातच. ती माणसं रोज त्या डब्याने पोटासाठी फिरतात, आपण आठवड्यातून एकदा हौसेने. जागा त्यांची आधी. सायकल भिंतीला समांतर उभी करावी, बाहेरच्या बाजूचं पॅडल वर फिरवून ठेवावं आणि पुढच्या ब्रेकच्या लिव्हरला जाड रबरबँड किंवा जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळावा. ब्रेक दाबलेला राहतो आणि गाडी हिसका देते तेव्हा सायकल कुणाच्या पायावर घरंगळत नाही.

आसनगावच का? एक तर हे शहापूरचं स्टेशन. तीनेक किलोमीटरवर तालुक्याचं गाव, म्हणजे नाश्ता, औषधाचं दुकान, ट्यूब-टायर, उपजिल्हा रुग्णालय, सगळं हाताशी. दुसरं म्हणजे इथून रस्ते पायरीपायरीने अवघड होत जातात. माहुलीचा पायथा, मग किन्हवली, मग मुरबाड, मग सह्याद्रीच्या भिंतीखालचं डोळखांब आणि चोंढे, आणि शेवटी कसारा घाट. एकाच स्टेशनवर उतरून नवखा माणूस एका हंगामात पक्का होऊ शकतो. दर रविवारी नवं ठिकाण शोधण्यापेक्षा एकाच रस्त्यावर पुन्हा पुन्हा जावं, या मताचा मी आहे. ओळखीच्या चढावर आपण मागच्या खेपेपेक्षा कुठे आहोत हे मनगटावरच्या घड्याळाशिवाय कळतं.

पहिले काही आठवडे आसनगाव ते माहुली गाव आणि परत, एवढंच करा. एका बाजूने जेमतेम पाच-सहा किलोमीटर. महामार्ग मात्र ओलांडावा लागतो. तिथे सरळ उतरायचं, सायकल हातात धरायची आणि दोन्हीकडे बघून पलीकडे जायचं. पलीकडे गेलं की समोर माहुलीचे सुळके उभे असतात. पळसगड, माहुली आणि भंडारगड असं हे दुर्गत्रिकूट सुमारे २८१५ फूट उंच. १६३६ साली शहाजीराजांनी निजामशाही वाचवण्याची शेवटची झुंज इथूनच दिली. गड बघायचा मोह होईल, पण पहिल्या खेपेला सायकल आणि चढाई एकत्र करू नका. गडाला जाऊन यायला अख्खा दिवस हवा, वर लोखंडी शिडी आहे आणि पॅडल मारून ताठरलेल्या पोटऱ्या उतरताना दगा देतात. पुढे कधी दोन्ही करायचं ठरलं, तर पायथ्याच्या चौकीवर वनखात्याचं शुल्क भरा, सायकल गावात कुणाच्या तरी अंगणात विचारून लावा आणि अंधार पडायच्या आत खाली या. हा भाग तानसा अभयारण्याचा आहे आणि बिबट्या इथला रहिवासी आहे.

या छोट्या फेऱ्यांतच सायकल अंगाला जुळवून घ्यायची. सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवा. पॅडल सर्वांत खाली असताना गुडघा जवळपास सरळ झाला, तर उंची बरोबर. मग चवड्याने पॅडल मारताना गुडघ्यात हवा तेवढाच वाक राहतो. आपल्याकडे बहुतेकांची सीट फार खाली असते, सिग्नलला पाय टेकावे म्हणून, आणि मग ‘सायकलने गुडघे गेले’ अशी तक्रार येते. दुसरी गोष्ट पाय फिरवण्याच्या वेगाची. जड गिअर टाकून दात-ओठ खात रेटण्यापेक्षा हलका गिअर ठेवून मिनिटाला ऐंशीच्या आसपास फेरे मारावेत. चढ दिसायला लागला की गिअर आधी उतरवा. चढात अडकल्यावर जोर लावून बदलला, तर साखळी कडकडते आणि कधीकधी तुटते.

कोणती सायकल घ्यावी यावर लोक फार वेळ घालवतात. या भागासाठी हायब्रीड पुरे, टायर ३५ ते ४० मिलिमीटर रुंदीचे. पातळ टायरची रोड बाइक महामार्गाला शोभते, किन्हवलीच्या रस्त्यावरच्या खडीला नाही. जाड टायरची, पुढे सस्पेन्शन असलेली एमटीबी दिसायला दणकट, पण पन्नास किलोमीटरनंतर तिचं वजन मांड्या मोजतात. पैसे उरले तर चांगलं हेल्मेट, मागचा लाल दिवा, हातमोजे आणि पॅडिंगची चड्डी यांवर घाला. मागचा दिवा दिवसाही चालू ठेवा. डंपरवाल्याला तुम्ही सावलीतून उन्हात आल्यावर दिसता, तोवर उशीर झालेला असतो.

आता पंक्चर. ही गोष्ट सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण इथे दुकानातली सायकल आणि गावातली सायकल यांची गाठ पडत नाही. शहापूर, किन्हवली, सरळगाव, मुरबाड, कुठेही पंक्चरवाला सापडतो आणि तो हाताचा कसबी असतो. पण महागड्या सायकलला बारीक, पितळी, डोक्यावर नट असलेला प्रेस्टा वॉल असतो आणि त्याच्या पंपाची पिन असते मोटारसायकलच्या वॉलची. ‘दादा, याला आपली हवा नाय बसत’ असं तो म्हणतो आणि खरंच बसत नाही. त्यासाठी तीस-चाळीस रुपयांचं इवलंसं पितळी अडॅप्टर मिळतं, ते वॉलवरच फिरवून ठेवा. शक्य असेल तर ट्यूबच मोटारसायकलच्या वॉलची घ्या. सोबत दोन सुट्या ट्यूब, प्लॅस्टिकचे दोन-तीन टायर लिव्हर, छोटा पंप, षटकोनी चाव्यांचा जुडगा आणि साखळीची जोडकडी असावी. गावातल्या दुकानात तुमच्या मापाची ट्यूब मिळेलच असं नाही. तिथे २६ आणि २८ इंची काळ्या सायकलींचा माल असतो.

हा कसबी माणूस काम कसं करतो ते बसून बघा. ट्यूब फुगवून घमेल्यातल्या पाण्यात बुडवत पुढे सरकवतो, बुडबुडा आला की तिथे बोट ठेवून पुसतो, कानशीने खरवडतो, सोल्यूशन लावून फुंकर घालतो आणि ते सुकेपर्यंत थांबतो. घाईत आपण नेमका तो थांबण्याचा भाग गाळतो, म्हणून आपला पॅच सुटतो. ट्यूब परत घालण्याआधी तो टायरच्या आतून बोटं फिरवतो. बाभळीच्या काट्याचं टोक टायरात रुतून राहिलेलं असतं. ते काढलं नाही, तर नवी ट्यूब दहा मिनिटांत जाते. बोटाऐवजी जुना सुती रुमाल फिरवला तर काटा कापडात अडकून सापडतो आणि बोटही वाचतं.

माहुलीची फेरी दम न लागता होऊ लागली, की शहापुरातून भातसा नदीवरच्या सापगावच्या पुलावरून किन्हवलीकडे निघा. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं, नदीकाठी थंडीत भेंडी-काकडीचे मळे, मधूनमधून वीटभट्ट्या. भट्टीजवळ रस्त्यावर माती सांडलेली असते. दव पडलं की तिचा चिखल होतो आणि वळणावर चाक सरकतं, तेव्हा तिथे ब्रेक न दाबता सरळ जायचं. किन्हवलीहून पुढे सरळगाव आणि तिथून माळशेजकडून येणाऱ्या रस्त्याने मुरबाड, असा सगळा मिळून चाळीसेक किलोमीटरचा पल्ला होतो. मुरबाडला जेवून कल्याणच्या दिशेने निघालं आणि गोवेलीला उजवीकडे वळलं, की टिटवाळा स्टेशन. शहापूरला परत फिरण्यापेक्षा हे बरं. पल्लाही सत्तरच्या आतबाहेर जातो. गोवेलीपर्यंतच्या रस्त्यावर मात्र वाहनं बरीच, म्हणून एका ओळीत चालवा.

पुढची पायरी डोळखांब आणि चोंढे. इथे रस्ता आजोबाच्या डोंगराखाली सह्याद्रीच्या भिंतीला जाऊन भिडतो. वर घाटघर आणि खाली चोंढे अशी दोन धरणं आहेत. विजेची मागणी कमी असताना पाणी वर चढवायचं आणि मागणी वाढली की खाली सोडून २५० मेगावॉट वीज काढायची, असा हा प्रकल्प. या वाटेवर दुकानं विरळ होतात, मोबाइलची रेंज जाते. एकट्याने जाऊ नये. परतताना तोंड पश्चिमेला असतं आणि दुपारनंतर वारा नेमका तिकडूनच येतो. सकाळी पायांत जे उरलं आहे असं वाटतं, त्यातलं निम्मं त्या वाऱ्यासाठी राखून ठेवा.

पाण्याबद्दल थोडं कळकळीने सांगायचं आहे. भातसा, तानसा, मोडकसागर ही मुंबईची तहान भागवणारी धरणं याच पट्ट्यात आहेत. तानसा तर १८९२ पासून मुंबईला पाणी पाजतंय. आणि त्याच शहापूर तालुक्यातल्या गावपाड्यांत दर उन्हाळ्यात टँकर येतो, बायका हंडे घेऊन त्याची वाट बघत असतात. पाड्यावर पाणी मागितलं तर कुणी नाही म्हणणार नाही, तांब्या भरून पुढे करतील. म्हणूनच मागू नये. शहापूर किंवा मुरबाडमध्ये दोन्ही बाटल्या भरून घ्या, लागलं तर विकत घ्या. एका बाटलीत साधं पाणी, दुसरीत लिंबू-मीठ-साखर किंवा ओआरएस. तहान लागण्याची वाट न बघता दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन घोट. खायला केळी, शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याचा लाडू. वडापाव परतीच्या स्टेशनवर खावा. तेलकट पोटात घेऊन चढ चढवत नाही.

हंगाम पाळा. दिवाळीनंतर ते फेब्रुवारी अखेरपर्यंतचा काळ उत्तम. मार्चपासून शेतांत राब भाजायला लागतात आणि सकाळी धूर खाली बसलेला असतो. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी तेव्हा टाळावं. एप्रिल-मे महिन्यांत मुरबाडचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा साडेनऊच्या आत सायकल स्टेशनवर हवी. पावसाळा देखणा खरा, पण सापगावच्या पुलावर भातसेचं पाणी येतं आणि धबधबे-धरणांच्या परिसरात दरवर्षी प्रशासन बंदी घालतं, ते आधी बघून निघावं. पावसात चालवून आल्यावर साखळी फडक्याने पुसून, सुकवून, थोडं तेल घालून मगच सायकल कोपऱ्यात लावायची.

सरावाचं म्हणाल, तर आठवड्यात दोन-तीन दिवस घराजवळ तासभर आणि रविवारी आसनगाव, एवढं पुरे. बहुतेक वेळ शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल अशा वेगाने चालवा, एखाद्याच दिवशी चढावर धाप लागू द्या. अंतर दर आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नका आणि तीन आठवडे वाढवलं की चौथ्यात कमी करा. वेळ मिळत नाही ही सबब मी अनेकांकडून ऐकतो. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन, एक भूलतज्ज्ञ आणि एक दंतवैद्य, दोघंही व्यवसाय सांभाळून तयारी करत होते आणि २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी ‘रॅम’ ही सुमारे ४८०० किलोमीटरची शर्यत पूर्ण करणारी पहिली भारतीय जोडी ठरले. आपल्याला तेवढं नको. पण चोंढ्यापर्यंत जाऊन येणारा माणूस वर्षभरात २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची फेरी, साडेतेरा तासांच्या मुदतीत पुरी करू शकतो, हे मी खात्रीने सांगतो.

कसारा घाट सर्वांत शेवटी ठेवा. चढ तसा झेपणारा आहे, भीती आहे ती अवजड वाहनांची आणि उतारावर ब्रेक निकामी होणाऱ्या ट्रकांची. पहाटे, गटाने, दिवे लावून चढावं आणि इगतपुरीहून सायकलवर घाट उतरण्याऐवजी गाडीने परत यावं. समृद्धी महामार्गही शहापूर तालुक्यातून जातो, तिथे दुचाकीलाही परवानगी नाही, सायकलीची तर नाहीच.

परतीच्या गाडीचं मात्र शनिवारीच बघून ठेवा. कसारा मार्गावर लोकल कमी, एक चुकली तर पुढच्या गाडीसाठी बराच वेळ फलाटावर काढावा लागतो. रविवारी मेगाब्लॉक असला की वेळापत्रक कोलमडतं आणि संध्याकाळी लगेजच्या डब्यातही सायकलीला जागा राहत नाही. दुपारी दोनच्या आत आसनगाव किंवा टिटवाळा गाठायचं, या हिशेबाने सकाळची पहिली गाडी पकडा.