चाक फिरलं पाहिजे, आस नव्हे

हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये धूळ खात पडलेल्या गियरच्या सायकली एकदा मोजा. फर्स्ट इयरला घरी हट्ट करून आणलेल्या, आणि कुणाच्या तरी बाईकच्या मागे बसायची सवय लागल्यावर हवा गेलेल्या. माझीही त्यातलीच. तिला मी हब मोटरचं किट बसवलं. मागचं चाक काढायचं, मोटरवालं चाक घालायचं, कंट्रोलर, बॅटरी, थ्रॉटल जोडायचं. एका रविवारचं काम. आणि त्याच संध्याकाळी मी ते मोडूनही दाखवलं!

चढावर उभ्या सायकलला एकदम पूर्ण थ्रॉटल दिला. कट्‌कन आवाज आला, चाक तिरकं झालं आणि मोटरची वायर अ‍ॅक्सलभोवती पीळ बसून तुटली. पडलो नाही, एवढंच. फिटिंग शॉपच्या मामांकडे सायकल नेली. ते म्हणाले, "अरे, तू नटावर भरवसा ठेवलास? नट चाक धरायला असतो, मोटरला अडवायला नाही."

साध्या चाकाचा अ‍ॅक्सल फक्त वजन पेलतो. हब मोटरमध्ये मात्र स्टेटर अ‍ॅक्सलवरच पक्का केलेला असतो. त्यामुळे मोटर चाकाला जेवढ्या टॉर्कने पुढे फिरवते तेवढ्याच टॉर्कने अ‍ॅक्सलला उलटं. न्यूटनचा तिसरा नियम, अकरावीला पाठ केलेला. आता हिशोब बघा. छोट्या गियरवाल्या हब मोटरचा टॉर्क चढावर ४० न्यूटन-मीटरच्या घरात जातो. अ‍ॅक्सल १२ मिलिमीटरचा, दोन बाजूंनी सपाट केलेला, सपाट भागांत अंतर १० मिलिमीटर. फ्रेमची खाच त्या सपाट बाजूंना धरते, म्हणजे भुजा साधारण १० मिलिमीटर. ४० भागिले ०.०१, बरोबर ४००० न्यूटन. चारशे किलोंचा भार, तोही खाचेच्या कडांवर! दोन्हीकडे निम्मा वाटला गेला तरी दोनशे. लोखंडी फ्रेम आधी वाकून इशारा देते, अ‍ॅल्युमिनियमची सरळ तडकते.

यावर उपाय टॉर्क आर्म. म्हणजे अ‍ॅक्सलच्या सपाट बाजूंवर घट्ट बसणारी पोलादी पट्टी. तिचं दुसरं टोक क्लॅम्पने फ्रेमच्या नळीला बांधायचं. पट्टी १० सेंटिमीटर लांब असली की तोच टॉर्क टोकाशी ४०० न्यूटनवर येतो. मामांनी मला ६ मिलिमीटरची प्लेट दिली, खाच मात्र माझ्याकडूनच घासून घेतली. दोन दुपारी कानस चालवली. अ‍ॅक्सल जेमतेम आत गेला पाहिजे. ढिली खाच म्हणजे आर्म नसल्यातच जमा. पहिल्या ५० किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळा. वायर अ‍ॅक्सलपासून आधी खाली वळवून मग वर न्या, पावसाचं पाणी आत न जाता वळणावरून गळून जाईल.

पुढच्या चाकात मोटर बसवणं सोपं असतं, म्हणून मोह होतो. पण सस्पेन्शनवाल्या चिमट्याची टोकं ओतीव मिश्रधातूची असतात आणि असा पीळ सोसायला बनवलेली नसतात. तिथे चाक निसटलं तर दातांवर पडाल. तेव्हा नकोच.

२५० वॉटने भागतं का, हे सगळेच विचारतात. सायकलसकट वजन १०० किलो, १०० मीटरला ६ मीटर चढ, वेग ताशी १५ धरला तर गुरुत्वाकर्षणालाच २४५ वॉट लागतात. टायर आणि वारा मिळून ३१०. म्हणजे पाय हलवावे लागणारच. पण २५० वॉटच्या आतली, ताशी २५ च्या आतली आणि बॅटरी सोडून ६० किलोंपर्यंतची सायकल नियमाने मोटारवाहन धरत नाहीत. लायसन्स, पासिंग काही नाही. हजार वॉटचं किट लावून हा फायदा कशाला घालवायचा?

बॅटरी ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तास, म्हणजे ३६० वॉट-तास. सपाट रस्त्याला किलोमीटरमागे १० च्या आसपास जातात, म्हणून तीस किलोमीटर धरून चाला. लिथियमचा पॅक ४२ व्होल्टला पूर्ण भरतो. लेड-अ‍ॅसिडचा ३६ व्होल्टवाला चार्जर ४४ पर्यंत जातो, तो उसना आणून लावू नका. आणि रूममध्ये कॉटखाली रात्रभर चार्जिंग तर नाहीच. रेक्टरांचा ओरडा परवडला, पण पेटलेला पॅक पाण्याच्या बादलीने विझत नाही. मी जागा असताना, व्हरांड्यात, उघड्या फरशीवर लावतो.

आर्मचा कागदी साचा फिटिंग शॉपच्या बोर्डावर टाचला आहे. प्लेट ज्याची त्याने आणावी, कानस मामांकडे मिळेल. सबमिशनच्या आठवड्यात मात्र त्यांना त्रास देऊ नका.