जुन्या मोटारीस नवे इंजिन

जुन्या स्पोर्ट्स मोटारीत अधिक शक्तीचे इंजिन बसविणे म्हणजे केवळ एका यंत्राच्या जागी दुसरे ठेवणे नव्हे. ब्रिटनमधील एमजीबी मोटारीचे उदाहरण याबाबत बोधप्रद आहे. १९६२ साली आलेल्या या मोटारीचे चार सिलिंडरांचे बिडाचे इंजिन १,७९८ घनसेंटिमीटर क्षमतेचे होते. १९७३ मध्ये उत्पादकांनीच तिच्या जीटी व्ही-८ या प्रकारात रोव्हरचे ३,५२८ घनसेंटिमीटरचे इंजिन बसविले. ते ॲल्युमिनियमचे असल्याने क्षमता जवळजवळ दुप्पट होऊनही पुढील चाकांवरील भार विशेष वाढला नाही.

भाराप्रमाणेच ब्रेक, गिअरबॉक्स, मागील ॲक्सल व रेडिएटर वाढीव शक्तीस पुरे पडतात काय, हेही तपासावे लागते.

भारतात याखेरीज कायद्याचाही विचार करावा लागतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये, विहित सवलती वगळता, उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करण्यास मनाई आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ‘व्हिंटेज’ नोंदणी पन्नास वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनांसच मिळते. इंजिनात मोठा बदल केल्यास तिला मुकावे लागते. यास्तव मालकाने इंजिन उतरविण्यापूर्वीच प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे विचारणा करावी.