बोलणे ही विद्या आहे

गणेशोत्सवात मुलांच्या भाषणांचा दिवस आला, की बालाघाटच्या आपल्या मंडळींत एक दृश्य हटकून दिसते. पाचवी-सहावीतील एखादा मुलगा नमस्कार करून उभा राहतो. अध्यक्षमहाराज, गुरुजन आणि मित्र यांना एका दमात संबोधतो. चार वाक्ये धावत येतात आणि पाचव्यापाशी सारे थांबते. मुलगा वर पाहतो, खाली पाहतो, आईकडे पाहतो. आई ओठ हलवून शब्द सुचवू लागते. मागे कोणी तरी हसते. ‘एवढे बोलून मी माझे भाषण संपवितो’ असे म्हणून मुलगा खाली उतरतो आणि पुन्हा कधी उभे राहावयाचे नाही, असे मनाशी ठरवितो.

दोष मुलाचा नाही. त्याच्याकडून भाषण पाठ करून घेतले होते. त्याला बोलावयास कोणी शिकविले नव्हते. या दोन गोष्टींतील भेद आपण आजच्या पाठात पाहू.

सहा दोष आणि सहा गुण

आपल्या पूर्वजांनी उच्चारास स्वतंत्र शास्त्राचे स्थान दिले होते. सहा वेदांगांपैकी ‘शिक्षा’ हे एक अंग याच विषयाचे आहे. ‘पाणिनीय शिक्षा’ या ग्रंथात अधम पाठकाचे सहा प्रकार सांगितले आहेत : गाण्यासारखे हेल काढणारा, घाई करणारा, डोके हलवीत म्हणणारा, लिहिलेलेच वाचून दाखविणारा, अर्थ न जाणणारा आणि बारीक आवाजाचा. आपल्या मुलांची भाषणे आठवून पाहावीत; यांतील एकही प्रकार आपल्याला अपरिचित वाटणार नाही.

आमच्या मते या सहांपैकी अर्थ न जाणणे हा दोष बाकीच्यांचे मूळ होय. ज्याला अर्थ ठाऊक नाही, त्याला कोठे थांबावे हे कळत नाही, म्हणून तो घाई करतो. कोणत्या शब्दावर भर द्यावा हे कळत नाही, म्हणून तो हेल काढतो. आपण म्हणतो ते आपले आहे असा विश्वास नाही, म्हणून त्याचा आवाज खाली जातो. याच ग्रंथाने गुणही सहा सांगितले आहेत : माधुर्य, अक्षरांची स्पष्टता, पदे नीट वेगळी करून म्हणणे, चांगला स्वर, धैर्य आणि लय. धैर्य हे येथे गुणांत मोजले आहे आणि शिकण्याच्या शास्त्रात सांगितले आहे, हे ध्यानात घ्यावे. अर्थात धीटपणा हा काही मुलांना जन्मतः मिळतो आणि काहींना मिळत नाही, ही समजूत सोडून द्यावयास हवी. धैर्य अभ्यासाने येते.

एका विद्यार्थिनीची वाटचाल

याचे उत्तम उदाहरण म्हणजे रमाबाई रानडे. १८७३ साली न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी त्यांचा विवाह झाला, तेव्हा त्या अवघ्या अकरा वर्षांच्या होत्या आणि त्यांना अक्षरओळखही नव्हती. त्यांच्या माहेरी मुलींना शिकविण्याची रीत नव्हती. रानड्यांनी स्वतः त्यांना शिकवावयास आरंभ केला. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना हे रुचले नाही. टोमणे आणि अबोला हे त्यांच्या नित्याचे झाले. तरीही घरची कामे सांभाळून त्या रात्री-पहाटे वाचीत राहिल्या. पतीला मोठ्याने वाचून दाखविणे, हा त्यांच्या शिक्षणाचा मोठा भाग होता. म्हणजे त्यांचा पहिला श्रोता एकच होता. पण तो मन लावून ऐकणारा होता.

आरंभी समारंभात उभे राहण्याचा प्रसंग आला, की त्या लिहिलेले वाचीत. पुढे मुलींसाठी हायस्कूल असावे अशी मागणी करणारे इंग्रजी निवेदन त्यांनी मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरांसमोर वाचले. १८८४ साली पुण्यास हुजूरपागेची शाळा निघाली. कागद ही त्यांची पहिली पायरी होती, आणि त्या तीवरच उभ्या राहिल्या नाहीत. १९०१ साली न्यायमूर्ती निवर्तले. त्यानंतर १९०४ साली मुंबईस भरलेल्या भारत महिला परिषदेच्या अध्यक्षस्थानी रमाबाई होत्या. येरवड्याच्या तुरुंगातील स्त्री-कैद्यांकडेही त्या नेमाने जाऊन त्यांच्याशी बोलत. ज्यांचे ऐकावयास कोणी नव्हते, त्यांच्यापर्यंत त्यांची वाणी पोहोचली. वक्तृत्वाची सार्थकता टाळ्यांहून अशा ठिकाणी अधिक दिसते, असे आम्हांस वाटते.

कीर्तनाचा साचा

भाषण कसे रचावे, हे शिकण्यासाठी दूर जावयास नको. नारदीय कीर्तन आपण लहानपणापासून ऐकत आलो. बुवा नमन करतात, मूळपद घेतात आणि पूर्वरंगात त्याचे निरूपण करतात. मध्यंतरी नामगजर होतो. उत्तररंगात तोच विचार एखाद्या आख्यानातून उलगडतात आणि शेवटी पुन्हा मूळपदावर येतात. मुलाच्या पाच मिनिटांच्या भाषणालाही हाच साचा पुरतो : एक विचार, त्याचा खुलासा, एक गोष्ट आणि परत तोच विचार. पाठ केलेल्या भाषणातील एक वाक्य निसटले, की पुढची साखळी तुटते. पण ज्याच्या मनात मूळपद पक्के आहे, तो वाट चुकला तरी तेथे परत येऊ शकतो.

घरी करावयाचा अभ्यास

आपल्या मुलांपुढे आणखी एक अडचण आहे. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्यप्रदेशात राहिले. वैनगंगा येथून पुढे भंडाऱ्याकडे जाते, पण शाळेची भाषा येथे हिंदी आहे. मुलाच्या कानी घरी मराठी, गल्लीत पोवारी आणि वर्गात हिंदी पडते. मराठीत चार माणसांपुढे उभे राहण्याची संधी त्याला फार थोड्या ठिकाणी मिळते, आणि त्यांपैकी एक आपले देऊळ आहे. सबब, पुढील अभ्यास प्रत्येक घरी व्हावा अशी आमची विनंती आहे.

रोज सायंकाळी, दिवेलागणीनंतर, मुलाने किंवा मुलीने पोथीतील किंवा गोष्टींच्या पुस्तकातील एक पान मोठ्याने वाचावे. दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट पुस्तक मिटून आजीला सांगावी. आठवड्यातून एकदा घरातील सर्वांपुढे उभे राहून सांगावी. महिन्यातून एकदा शेजारच्या दोन घरांस बोलवावे. श्रोते असे एकाचे पाच आणि पाचांचे पंधरा झाले, की उत्सवातील शंभरांचे भय उरत नाही.

वडील माणसांनीही एक पथ्य पाळावे. मूल बोलत असता मध्ये हिंदी शब्द आला म्हणून टोकू नये; बोलणे संपल्यावर मराठी शब्द प्रेमाने सांगावा. मूल अडले तर शब्द पुरवू नये. ‘मग काय झाले?’ एवढेच विचारावे. त्याला शब्द आपोआप सापडेल. शिवाय हा अभ्यास मुलांइतकाच मुलींकडूनही करून घ्यावा; वर सांगितलेले चरित्र याच कारणासाठी दिले आहे.

येत्या उत्सवात एखादे मूल पाचव्या वाक्यापाशी थांबले, तर आपण सर्वांनी शांत बसावे. आईने ओठ हलवू नयेत आणि मागच्या रांगेने हसू नये. त्या चार क्षणांच्या शांततेत मुलाला आपले मूळपद आठवेल. रमाबाईंना आरंभी एक चांगला श्रोता मिळाला होता. आपल्या मुलांना तसे श्रोते देणे आपल्या हाती आहे.