माहेरचा प्रवास, गर्भवती माता आणि डासांपासून होणारे आजार

आपल्या भागात पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आजही टिकून आहे. नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईस स्थायिक झालेल्या मुरगूड परिसरातील लेकी दिवस भरत आले की वेदगंगेकाठी परततात आणि त्यांचे पती सुट्टीच्या दिवशी ये-जा करतात. या आनंदाच्या प्रवासात डासांमार्फत येणाऱ्या विषाणूंचा विचार सहसा होत नाही. म्हणून यंदाच्या अहवालात हा विषय आपणांसमोर ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

डेंग्यू, चिकुनगुनिया व झिका हे तिन्ही आजार एडिस जातीच्या डासामुळे पसरतात. यांपैकी झिका गर्भास सर्वाधिक घातक आहे. हा विषाणू १९४७ साली युगांडातील झिका नावाच्या जंगलात प्रथम आढळला. अनेक दशके तो सौम्य समजला गेला. २०१५ मध्ये ब्राझीलमध्ये असामान्य लहान डोक्याची अर्भके मोठ्या संख्येने जन्मास आली, तेव्हा त्याचे खरे स्वरूप जगास कळले. गरोदरपणी लागण झालेल्या मातांच्या अर्भकांपैकी ५ ते १५ टक्क्यांत झिकामुळे उद्भवणारे दोष आढळतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

हे संकट आता दूरदेशीचे राहिलेले नाही. जुलै २०२१ मध्ये पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात, बेलसर गावी, राज्यातील पहिला रुग्ण आढळला. २०२३ मध्ये आपल्याच जिल्ह्यातील इचलकरंजीत रुग्ण सापडले. जून २०२४ पासून पुणे शहरात झिकाचा प्रादुर्भाव झाला आणि बाधितांमध्ये गर्भवती स्त्रियांची संख्या मोठी होती. त्यांची तपासणी प्राधान्याने झाली, हेही त्याचे एक कारण होय. त्याच वर्षी जुलैमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने गर्भवतींची तपासणी करावी व बाधित मातांच्या गर्भाच्या वाढीवर लक्ष ठेवावे, अशा सूचना राज्यांना दिल्या.

अडचण अशी की लागण झालेल्या बहुतेकांस कोणतेही लक्षण जाणवत नाही. काहींना हलका ताप, अंगावर पुरळ, डोळे लाल होणे वा सांधेदुखी होते व आठवड्याभरात बरे वाटते. माता ठणठणीत दिसते, म्हणून गर्भही सुरक्षित आहे असे म्हणता येत नाही.

दुसरी गोष्ट घराघरांत संकोचामुळे बोलली जात नाही. झिका शरीरसंबंधातूनही पसरतो. पत्नी माहेरी सुरक्षित असली, तरी साथीच्या गावाहून आलेल्या पतीकडून तिला लागण होऊ शकते. बेलसर येथे आरोग्य खात्याने काही महिने गर्भधारणा लांबवण्याचा सल्ला दिला व निरोध वाटले, ते याच कारणाने. साथीच्या भागातून परतल्यावर पुरुषाने तीन महिने व स्त्रीने दोन महिने निरोध वापरावा आणि तोपर्यंत गर्भधारणेचा विचार लांबणीवर टाकावा. पत्नी गरोदर असल्यास बाळंतपण होईपर्यंत ही काळजी घ्यावी.

डेंग्यूमुळे गरोदरपणी रक्तस्राव व अकाली प्रसूतीचा धोका वाढतो. प्रसूतीच्या सुमारास मातेस चिकुनगुनिया झाल्यास नवजात बालक गंभीर आजारी पडू शकते. यास्तव ताप आल्यास स्वतःच्या मनाने औषध घेऊ नये. विशेषतः ॲस्पिरिन व आयब्युप्रोफेन टाळावे आणि त्वरित डॉक्टरांस दाखवावे.

साथ असलेल्या गावी गर्भवतीने अत्यावश्यक नसलेला प्रवास टाळावा. जाणे भागच असेल, तर अंगभर कपडे घालावेत, डास प्रतिबंधक मलम वेष्टनावरील सूचनेप्रमाणे लावावे आणि दुपारी विश्रांती घेतानाही मच्छरदाणी वापरावी, कारण एडिस डास दिवसा चावतो. तो गटारीपेक्षा घरातील स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास तयार होण्यास साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून बॅरल, हौद, कुलर व फुलदाण्या आठवड्यातून एकदा रिकाम्या करून, घासून, कोरड्या कराव्यात. लेक माहेरी येण्यापूर्वी घराची रंगरंगोटी होते, तशीच ही तयारीही व्हावी.

झिकावर अद्याप लस वा खास औषध नाही. खबरदारी व वेळेवर तपासणी हेच उपाय आपल्या हाती आहेत. तपासणी कोणाची करावी, हे डॉक्टरांस प्रवासाच्या माहितीवरूनच ठरवता येते. म्हणून रुग्णांच्या नातेवाइकांस आमची विनंती आहे की, केसपेपर काढताना गेल्या तीन महिन्यांत पती-पत्नी कोठे गेले होते, तेथे साथ होती काय व कोणास ताप आला होता काय, हे आपणहून सांगावे. ही माहिती गुप्त ठेवली जाते. विश्वस्त व देणगीदार यांनीही आपापल्या गल्लीत, मंडळात व कारखान्यात हा विषय न संकोचता बोलावा. आपल्या देणगीतून औषधे व उपकरणे येतात, आणि आपल्या शब्दाने ही माहिती प्रत्येक घरी पोहोचेल. येणारे प्रत्येक बालक सुदृढ असावे, हीच आम्हां सर्वांची सदिच्छा.