शेणखतातील उड्या मारणारे सूक्ष्म जीव

परभणी तालुक्यातील पेडगाव व आसपासच्या गावी पाऊस पडून गेल्यावर शेणखताचा ढीग उकरला असता त्यात पांढुरके किंवा राखी रंगाचे ठिपके टणाटण उड्या मारताना आढळतात. खताला कीड लागली असे समजून त्यावर विषारी भुकटी टाकण्याचा मोह होतो. पूर्वी अशा कामी बी.एच.सी. भुकटी हाताशी असे. १९९७ साली तिच्यावर बंदी आली. गैरसमज मात्र टिकून आहे.

हे जीव म्हणजे स्प्रिंगटेल होत. त्यांना सहा पाय असले तरी शास्त्रज्ञ आता त्यांची गणना कीटकांत करीत नाहीत. त्यांच्या पोटाखाली बेचकीसारखा अवयव दुमडून आकड्यात अडकविलेला असतो. तो सुटून जमिनीवर आपटला की जीव हवेत उसळतो. बुरशी व कुजणारा पालापाचोळा हे त्यांचे मुख्य अन्न असल्याने खत कुजण्यास त्यांचा हातभारच लागतो.

यांचे वास्तव्य कोठे आहे हे शरीरावरूनच ओळखता येते. पाचोळ्यात वावरणारे रंगीत, डोळस व लांब बेचकीचे असतात. खोल मातीतले पांढरे, आंधळे, आखूड बेचकीचे किंवा तिच्याविनाच. ॲऱ्होपॅलाइटिस नावाच्या गोलसर, जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या प्रजातीचे जीव युरोप-अमेरिकेत पाचोळ्यातही सापडतात आणि गुहांतही. त्यांचे डोळे जवळजवळ लोपले आहेत. पाचोळा काय, गुहा काय, दोन्हीकडे त्यांना हवा असतो तो ओलावा, कारण बहुतेक स्प्रिंगटेलांची कातडी कोरड्या हवेत लवकर सुकते.

आपल्याकडे खरी अडचण येथेच आहे. वैशाखात काळी जमीन भेगाळते. अशा वेळी कपाशीच्या पऱ्हाट्या व ज्वारीची धसकटे जाळली तर उरलेसुरले आच्छादनही जाते. ती बारीक करून जमिनीत मिसळावीत अथवा कंपोस्टच्या खड्ड्यात घालावीत. खड्ड्यावर सावली ठेवून अधूनमधून पाणी शिंपडावे.

अळंबी पिकविणाऱ्यांनी मात्र सावध असावे. तेथे हेच जीव अळंबीचे तंतू खाऊन नुकसान करतात.

शंका आल्यास मूठभर खत पाण्याच्या परातीत टाकून पाहावे. स्प्रिंगटेलांची कातडी भिजत नसल्याने ते पाण्यावर तरंगतात आणि तेथूनही उड्या मारतात. हुमणीची अळी अशी उडी मारीत नाही. ती आढळल्यास वेचून नष्ट करावी.