बिनगिअरची म्हणजे सोळाव्या वर्षी चालते?

प्रश्न : आम्ही उरल्याच्या औद्योगिक वसाहतीजवळ राहतो. धाकट्याला नुकतीच सोळा पूर्ण झाली. कोचिंगला जायला स्कूटी हवी म्हणून हट्ट धरून बसला आहे. ‘बिनगिअरची सोळाव्या वर्षी चालते,’ असं मित्रांनी डोक्यात भरवलंय. न्यू जर्सीतली माझी बहीण म्हणते, तिकडे मुलांना परवाना टप्प्याटप्प्याने मिळतो. आपल्याकडे तसं काही आहे का?
– एक वाचक, उरला (रायपूर)

उत्तर : आधी स्कूटीची आरसी काढा आणि इंजिन किती सीसीचं आहे ते बघा. 1988 च्या मोटार वाहन कायद्यातली सोळा वर्षांची सवलत 50 सीसीपर्यंतच्या गाडीला आहे. नुसता गिअर नसून भागत नाही. आज शोरूममधल्या पेट्रोल स्कूटी बहुतेक 110 नाहीतर 125 सीसीच्या. लूनाच्या जमान्यातली सवलत कायद्यात राहिली, तीत बसणारी गाडी मात्र बाजारातून गेली. शिवाय सवलत असली तरी परवाना लागतोच, आणि त्याच्या अर्जावर पालकाची सही.

‘किल्ली तोच उचलून गेला,’ ही सबब 2019 नंतर सहज चालत नाही. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालकाची किंवा मालकाची संमती होती असंच कायदा धरून चालतो. आपल्याला माहीत नव्हतं, हे तुम्ही सिद्ध करायचं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द आणि मुलाला पंचविशीपर्यंत परवाना नाही.

आता बहिणीचा मुद्दा. टप्प्याटप्प्याने परवाना देण्याची ही पद्धत न्यूझीलंडने 1987 मध्ये आणली. न्यू जर्सीत सतराव्या वर्षी मिळतो तो परिवीक्षेचा परवाना : रात्री अकरा ते पहाटे पाच गाडी बंद, आईवडील बरोबर नसतील तर सोबत एकच जण, आणि नंबरप्लेटवर लाल स्टिकर. आपल्याकडेही पायऱ्या आहेत, पण त्या वयाच्या आणि वाहनाच्या. मालवाहू गाडीसाठी वीस वर्षं लागतात आणि त्याआधी हलक्या वाहनाचा परवाना वर्षभर हाती असावा लागतो. तुमच्या दारावरून जाणाऱ्या ट्रेलरवाल्याला हे चुकत नाही. अठराव्या वर्षी चाचणी पास झालेल्या पोराने मात्र दुसऱ्याच दिवशी मध्यरात्री चार मित्र कारमध्ये घेऊन निघायचं ठरवलं, तर कायदा त्याला अडवत नाही. ही उणीव खरी आहे, आणि तूर्त ती घरातच भरून काढावी लागते.

गाडी चालवायला हात-पाय काही आठवड्यांत तयार होतात. समोरचा काय करणार हे ओळखायला फार वेळ लागतो. लोखंड भरलेला ट्रेलर डावीकडे वळण्याआधी थोडा उजवीकडे जातो. डाव्या हाताला मोकळी जागा दिसते आणि नवशिका स्कूटी तिथेच घालतो. मागची चाकं वळताना नेमकी त्या जागेवरून जातात, आणि चालकाला तिथलं दिसतही नाही. मुलाला हे आधी रस्त्याकडेला उभं राहून बघायला लावा. हेल्मेट घालूनही ट्रेलरच्या चाकापुढे इलाज नाही.

अठरा पूर्ण होईपर्यंत सायकल किंवा तुम्ही सोडणं. 250 वॉटपर्यंतच्या, ताशी 25 किलोमीटरच्या वर न जाणाऱ्या इलेक्ट्रिक गाडीला परवाना लागत नाही हे खरं. पण ट्रकच्या रस्त्यावर इतकी हळू गाडी मी तरी माझ्या पोराला देणार नाही.

अठरा पूर्ण झाली की शिकाऊ परवाना काढा. पुढे-मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ लावायचा आणि मागच्या सीटवर परवाना असलेला शिकवणारा सोडून कोणी बसायचं नाही. आधी कॉलनीतले रस्ते, मग दिवसाउजेडी बाजार. अंधार, पाऊस आणि मित्र मागाहून. तीस दिवसांनी चाचणी देता येते, पण हा परवाना सहा महिने चालतो. चाचणीची तारीख पाचव्या महिन्यातली घ्या.